शिंका, सातवा महिना आणि शेवंतीची वाडी

नाशिकची हवा चांगली, हे वाक्य आमच्याकडे पाहुण्याच्या हातात पाण्याच्या ग्लासाबरोबरच दिलं जातं. मुंबईची मामी आली की गच्चीत उभी राहून लांब श्वास घेते आणि मामाला सांगते, "रिटायर झालात की इथेच यायचं हं." मी शेजारी रुमाल घेऊन उभी. हवेबद्दल माझी काही तक्रार नाही, गणपती ते दिवाळी एवढे दिवस सोडले तर.

मला ॲलर्जीची सर्दी लहानपणापासूनची. ताप नाही, अंगदुखी नाही. टाळू आणि कानाच्या आत खाज सुटते, डोळे चुरचुरतात, शिंका लागल्या की थांबायचं नाव नाही आणि नाकातून नुसतं पाणी. गवताच्या आणि तणांच्या फुलांचे परागकण वाऱ्याबरोबर येतात, आणि माझ्या नाकाला ते शत्रू वाटतात. दर वर्षी सीझन लागला की रात्री एक गोळी, हा माझा ठरलेला कार्यक्रम. यंदा सीझन आला तेव्हा गरोदरपणाचा पाचवा महिना लागला होता. गोळ्यांच्या पाकिटाकडे हात गेला तरी घरात सगळे दचकायचे.

हे लिहायचं कारण असं की त्या दोन-तीन महिन्यांत मला जेवढे सल्ले मिळाले, त्यातले बहुतेक उलटे होते. ज्याला घाबरायला हवं ते 'साधं' म्हणून हातात दिलं जात होतं, आणि जे त्यातल्या त्यात सुरक्षित त्याचं नाव ऐकूनच लोक कानावर हात ठेवत होते. मी डॉक्टर नाही, कॅनडा कॉर्नरजवळ एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघते. पण माझ्या डॉक्टर मॅडमना मी प्रश्न विचारून विचारून पिडलं आहे, त्यामुळे जे समजलं ते इथे मांडते. तुमच्या औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच करायचा, हे वेगळं सांगायला नको.

आधी शत्रूची ओळख. आम्ही पाथर्डी फाट्याकडे राहतो. बिल्डिंगला लागून दोन मोकळे प्लॉट आहेत. मालक कोण ते कोणालाच माहीत नाही, आणि तिथे पावसाळ्यात कमरेएवढं गाजर गवत माजतं. पानं गाजराच्या पाल्यासारखी, वर बारीक पांढरी फुलं. लांबून बघितलं तर कोणी रांगोळीचा डबा सांडल्यासारखं दिसतं. भारतात या तणाची ठळक नोंद १९५५ साली पुण्यात झाली. तिथून ते रेल्वेच्या कडेनं, रस्त्याच्या कडेनं सगळीकडे पोचलं. काही जण याला काँग्रेस गवत म्हणतात. याचे पराग नाकात गेले की शिंका, आणि झाड हाताला लागलं तर काहींना त्वचेवर चट्टे आणि खाज. सोसायटीचे काका उघड्या हातांनी उपटायला गेले होते, नंतर पंधरवडाभर कोपरापर्यंत कॅलामाईन लावून फिरत होते. उपटायचंच तर फुलं येण्याआधी, पावसानं जमीन मऊ असताना आणि हातमोजे घालून. सप्टेंबरात पांढरं झाल्यावर कापायला घेतलं तर उलट सगळे पराग हवेत उडतात. आमच्याकडे दर वर्षी नेमकं तेव्हाच कापतात.

गाजर गवत एकटं नाही. पाऊस ओसरला की पांडवलेणीच्या डोंगरापासून शेताच्या बांधापर्यंत सगळं गवत तुऱ्यावर येतं. मग रस्त्याकडेच्या सातवीणी फुलतात आणि संध्याकाळी त्यांचा तो जड वास सुटतो. सगळा दोष लोक सातवीणीलाच देतात, पण तिचे पराग मुख्यतः किडे-पतंग नेतात, वारा नव्हे. वासानं डोकं उठतं हे खरं. शिंकांचा खरा गुन्हेगार बहुधा खाली उभं असलेलं, वास नसलेलं गवत.

पहिला सल्ला सासूबाईंचा होता. "थोडं सोस. आमच्या वेळी कुठे औषधं होती?" त्या प्रेमानंच म्हणाल्या. मीही तसंच ठरवलं असतं, पण झोप उडाली होती. नाक बंद, तोंड उघडं, घसा कोरडा, कुशीवर वळलं की खालची नाकपुडी बंद, दुसऱ्या कुशीवर वळलं की ती. शिंक आली की पोटाच्या बाजूला कळ निघायची. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध ताणले जातात, त्याची ती कळ. शिंक येतेय असं वाटलं की जरा पुढे वाकायचं, गुडघे-कंबर दुमडायची आणि पोटाला हातानं आधार द्यायचा, म्हणजे बरीच कमी होते. शिंकेसोबत दोन थेंब लघवी होते, तेही होतंच. चारचौघींत कोणी बोलत नाही, म्हणून लिहून टाकलं. शिंकांनी बाळाला धक्का बसतो का, हा माझा पहिला प्रश्न होता. मॅडम हसल्या. "अगं, ते पाण्यात आहे आरामात. काळजी तुझी आहे. रात्र रात्र झोप नाही, जेवणाची चव नाही, ऑफिसात डुलक्या. याला सोसणं म्हणायचं आणि वर सुरक्षित म्हणायचं, हे काही मला पटत नाही."

दुसरा सल्ला मेडिकलवाल्याचा. "ताई, हे नाकातले थेंब न्या. पोटात जात नाहीत, काही होत नाही. सगळे हेच नेतात." नाक मिनिटाभरात मोकळं करणारे ते थेंब: झायलोमेटाझोलिन नाहीतर ऑक्सिमेटाझोलिन. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून नाक उघडतं. अडचण अशी की तीन-पाच दिवसांच्या वर वापरले की परिणाम ओसरताना नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, मग पुन्हा चोंदणं. वर्षानुवर्षं उशीखाली बाटली ठेवून झोपणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. गरोदरपणात तर नाक महिनोन्‌महिने बंद राहू शकतं, म्हणजे या चक्रात अडकायला अगदी सोयीचा काळ. मॅडमनी मला ते नकोच म्हणून सांगितलं.

तिसरा सल्ला ऑफिसातला. सर्दीची गोळी, पाण्याबरोबर, काम चालू. या तयार गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू कधी वाचलीत का? मला आकडे वाचायची सवय, म्हणून मी वाचते. पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन, फिनाईलएफ्रिन, कधी कधी वर कॅफिन. चार औषधं एका गोळीत, आणि आपल्याला हवं असतं त्यातलं फार तर एक. यातलं फिनाईलएफ्रिन आणि त्याचाच भाऊ स्यूडोएफेड्रिन ही नाक मोकळं करण्यासाठी पोटात घ्यायची औषधं गरोदरपणात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत टाळायला सांगतात. रक्तवाहिन्या आवळणं हे त्यांचं कामच, आणि रक्तदाब हा तर आपल्या प्रत्येक व्हिजिटला मोजला जाणारा विषय. गंमत म्हणजे २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं एकमतानं सांगितलं की तोंडानं घेतलेलं फिनाईलएफ्रिन बंद नाकावर काम करत असल्याचं दिसत नाही. म्हणजे धोका पत्करायचा, तोही कशासाठी!

काढ्याचं प्रकरण नाजूक, कारण तो माझ्या आईनं पाठवला होता. तुळस, आलं, गवती चहा एवढंच असतं तर मी कपभर आनंदानं प्यायले असते, आणि तसा प्यायलेही. पण तिच्या डब्यात ज्येष्ठमधाची पूड भरपूर होती. ज्येष्ठमध सारखा आणि जास्त पोटात गेला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. गरोदर बाईनं तो रोज काढ्यातून घेऊ नये. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "घरचं आहे गं, त्याला काय होतंय?" घरचं आणि निरुपद्रवी यांत फरक आहे हे आईला समजावणं आयकर खात्याला समजावण्याहून कठीण. ओव्याची धुरी देणाऱ्यांना मात्र मी सरळ हात जोडले. आधीच चिडलेल्या नाकात धूर घालायचा म्हणजे काय? ओवा भाजून फडक्यात बांधून हुंगला तर ठीक, छान वाटतं. साध्या पाण्याची वाफही चांगली. फक्त उकळत्या पातेल्यावर पोट घेऊन वाकायचं नाही. टेबलावर मधोमध पातेलं, खुर्चीत बसून, जरा निवलेलं पाणी.

आता उपयोगी पडलं ते. पहिलं म्हणजे मीठपाणी. याच्यावर मी जरा वेळ घेणार आहे, कारण औषध नसलेला हा एकच उपाय असा आहे की जो केल्यावर मला त्याच मिनिटाला फरक जाणवला. पाणी उकळायचं, चांगलं खदखदू द्यायचं आणि झाकून कोमट होऊ द्यायचं. नळाचं कच्चं पाणी नाकात अजिबात घालायचं नाही, फिल्टरचं असलं तरी. केरळमधल्या मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तो जंतू नाकावाटेच आत जातो. मिठाचं प्रमाण लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरला चहाच्या सपाट चमच्यापेक्षा थोडं कमी. तेवढं असलं की नाक झोंबत नाही. कमी-जास्त झालं की झोंबतं, आणि लोक म्हणतात आम्हाला हे सोसत नाही. त्यात चिमूटभर खायचा सोडा.

जलनेतीचं चोचवालं भांडं होतंच घरात, नवऱ्यानं हौसेनं आणलेलं आणि न वापरलेलं. बेसिनपुढे स्टूल ठेवून बसायचं, मान पुढे आणि एका बाजूला कलती, तोंड उघडं ठेवून तोंडानंच श्वास. वरच्या नाकपुडीतून सोडलेलं पाणी खालच्या नाकपुडीतून येतं. पहिल्यांदा येताना काय काय येतं ते सांगत नाही. मग दुसरी बाजू. झाल्यावर नाक जोरात शिंकरायचं नाही, कानात दडे बसतात. हळू, एकेक नाकपुडी. भांडं धुऊन पालथं घालून वाळवायचं आणि उरलेलं पाणी ओतून द्यायचं, दुसऱ्या दिवशी नवं. ऑफिसातून आल्यावर लगेच हे केलं की दिवसभर नाकात साठलेले पराग निघून जातात. झोपेच्या आधी पुन्हा एकदा.

दुसरं, नाकाचा स्टिरॉइड स्प्रे. इथे घरात खरा भूकंप झाला. "स्टिरॉइड? पोटुशी बाईला?" सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला, यावरून गांभीर्य कळावं. मॅडमनी जे सांगितलं ते मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं: स्प्रेचं औषध नाकाच्या अस्तरावर काम करतं, रक्तात फार थोडं जातं, आणि ब्युडेसोनाईड हे त्यातलं गरोदरपणात सगळ्यात जास्त अभ्यासलेलं. स्वीडनमध्ये जन्माला येणाऱ्या बाळांची आणि आयांच्या औषधांची देशभर नोंद ठेवतात. तिथे गर्भारपणाच्या सुरुवातीला दम्यासाठी ब्युडेसोनाईड ओढलेल्या आयांची दोन हजारांवर बाळं तपासली, आणि जन्मजात व्यंगाचं प्रमाण एरवीच्या बाळांपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. दम्याच्या पंपातून जाणारी मात्रा तर नाकातल्यापेक्षा बहुधा जास्तच असते. सासूबाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टरीण स्वतः म्हणाली ना? मग घे. पण देवापुढे ठेवून घे." ठेवला. त्यात काय एवढं.

स्प्रे मारायची पद्धत मात्र कोणीच दाखवत नाही. मान मागे टाकायची नाही, थोडी खाली. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या, म्हणजे आपोआप फवारा बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेनं जातो. मधल्या पडद्यावर मारला की तो सुकतो आणि रक्त येतं. गरोदरपणात नाकातून रक्त तसंही पटकन येतं. हळू श्वास घ्यायचा, जोरानं ओढला तर औषध घशात उतरतं आणि कडू लागतं. आणि धीर. थेंबांसारखा हा मिनिटात चालत नाही, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. रोज, न चुकता. दोन दिवसांत 'काही होत नाही' म्हणून सोडून देणारे बरेच.

एवढ्यानं भागलं नाही तर गोळी, आणि त्यातही निवड आहे. लोराटाडिन आणि सेटिरिझिन ही गरोदरपणात बरीच वापरलेली आणि पुष्कळ माहिती असलेली औषधं. लोराटाडिननं झोप कमी येते. मला डोळ्यांच्या खाजेसाठी मधूनमधून रात्री सेटिरिझिन घ्यायची मुभा मिळाली. माझी जुनी ठरलेली गोळी जोडगोळी होती, लेव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट. नुसत्या नाकासाठी दुसऱ्याची गरज नाही म्हणून ती बंद. ॲलर्जीच्या इंजेक्शनांचा कोर्स करायचा विचार होता, तोही पुढे ढकलला, कारण तो गरोदरपणात नव्यानं सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल आणि सोसत असेल तर डॉक्टर मात्रा न वाढवता चालू ठेवतात.

बाकीच्या गोष्टी फुटकळ, पण करायच्या. सकाळी खिडक्या बंद, कपडे गच्चीऐवजी आतल्या स्टँडवर, बाहेर मास्क आणि गॉगल, नाकपुड्यांच्या कडेला व्हॅसलिनचं बोट, आल्यावर अंघोळ आणि केस धुणं. ३० सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे टॅक्स ऑडिटची धावपळ, जुन्या फायलींचे गठ्ठे माळ्यावरून निघतात. साहेबांना सांगून मी स्कॅन केलेल्या कामावर बसले. गाडीवर मागे बसून मुंबई नाका ओलांडणं बंद करून रिक्षा धरली, ती नाकासाठी आणि पाठीसाठीही.

दमा असणाऱ्यांसाठी वेगळं लिहायला हवं. माझ्या जावेला दमा आहे. तिच्या वेळी दिवस गेल्याचं कळताच तिनं पंप बंद केला होता, बाळासाठी म्हणून. ऐन दसऱ्याच्या आदल्या रात्री छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या आणि ऑक्सिजन लावावा लागला. गरोदरपणात साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा वाढतो, एक तृतीयांश जणींचा कमी होतो, उरलेल्यांचा तसाच राहतो. आपण कुठल्या गटात ते आधी कळत नाही. पंपापेक्षा आटोक्याबाहेरचा दमा बाळाला जास्त घातक, कारण तिथे खरोखरच ऑक्सिजन कमी पडतो. श्वासाला शिट्टी, छाती आवळणं, एक वाक्य पुरं बोलताना धाप, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. ताप आणि गालाच्या हाडाशी दुखणं असेल तर ते सायनसचं असू शकतं, तेही दाखवायचं. घोरणं खूप वाढलं तर लाजायचं नाही, सांगायचं. त्याचा रक्तदाबाशी संबंध असू शकतो.

आणि डोहाळजेवण. दिवाळीनंतर सातव्या महिन्यात फुलांची वाडी भरायची ठरली. आईनं फुलबाजारात आगाऊ सांगून ठेवलं होतं: पांढरी आणि पिवळी शेवंती, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट, सगळं. शेवंती, झेंडू आणि आमचं ते गाजर गवत एकाच कुळातले. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते; मला झेंडूच्या तोरणाशी दसऱ्याला दर वर्षी होते. तीन तास गळ्यात, दंडात, केसांत शेवंती घालून बसायचं म्हणजे ओटी भरणाऱ्या प्रत्येक बाईवर शिंकायचं. आई हिरमुसली. मग मावशीनं मार्ग काढला. तिच्या शिवणकामातल्या साटिनच्या कातरणांची फुलं केली, मध्ये मोती, आणि हिरवेपणाला आंब्याची पानं. फोटोत कोणाला कळलं नाही. एका काकूंनी जवळ येऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "अगंबाई, शेवंतीला वासच नाही राहिला हल्ली."

आता डिसेंबर आहे, आठवा संपत आला. प्लॉटवरचं गवत वाळलं, निफाडकडे पारा उतरल्याच्या बातम्या आहेत, शिंका गेल्या, खाज गेली. नाक मात्र बंदच. मी सीझन लांबला म्हणून कुरकुरत होते. मॅडम म्हणाल्या, ही सर्दी दुसरीच. गरोदरपणात हार्मोन्समुळे आणि वाढलेल्या रक्तामुळे नाकाचं अस्तर सुजतं. खाज नाही, शिंका नाही, नुसतं चोंदलेलं नाक, आणि बाळंतपणानंतर दोनेक आठवड्यांत आपोआप जातं. याच्यावर ॲलर्जीची गोळी चालत नाही, स्प्रेचाही फारसा उपयोग नाही. म्हणून गोळी बंद, स्प्रे बंद, मीठपाणी चालू, आणि डोक्याखाली दोन उशा घेऊन डाव्या कुशीवर.

पुढच्या सीझनला मी अंगावर पाजत असणार, तेही विचारून ठेवलंय. स्प्रे चालेल, लोराटाडिन किंवा सेटिरिझिनही चालेल, दुधात फार थोडं उतरतं. झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या नकोत, बाळ सुस्तावतं आणि दूधही कमी होऊ शकतं. आणि जूनमध्ये, फुलं धरायच्या आत, सोसायटीनं तो प्लॉट साफ करून घ्यायचा, हा विषय मी जानेवारीच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घालून ठेवलाय. मी तेव्हा दवाखान्यात असेन. नवऱ्यानं हात वर करायचा आहे.